पहिला वेकसर्फ बोर्ड: आधी बोट बघा, मग वजनकाट्यावर उभे राहा

आमच्या ठाण्याच्या घरात माळ्यावर, गणपतीचं मखर आणि रिकाम्या बरण्यांच्या मधे, एक नारिंगी बोर्ड सहा वर्षं पडून आहे. लांबी ४ फूट ४ इंच, जाडी जेमतेम, खाली अंगठ्याएवढा एकच फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी. हा माझा पहिला वेकसर्फ बोर्ड, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उभं राहून जायची फळी. त्याच्यावर मी एकदाही दहा सेकंदांच्या वर टिकलेले नाही.

माझे धाकटे दीर डॅलसला असतात. त्यांच्या शेजाऱ्यांची बोट होती, उन्हाळ्यात सगळे मिळून लुईसव्हिल तलावावर जायचे. दोन शनिवार बोटीवरच्या मोठ्या, जाडजूड बोर्डवर मला थोडंफार जमलं आणि डोक्यात हवा गेली. तडक दुकानात गेले. विक्रेत्याने उंची विचारली, रंग कोणता आवडतो ते विचारलं, वजन काही विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. सांगायची हौस कोणाला असते? उंची ५ फूट १ इंच, म्हणून त्याने छोटा बोर्ड काढून दिला. वजन तेव्हा ६९ किलो होतं. बोर्डला उंची कळत नाही, वजन कळतं, हे मला पुढच्या शनिवारी पाण्यात कळलं.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे भाचा, सोहम. खारघरला राहतो. गेल्या ऑक्टोबरात नोकरीसाठी दुबईला गेला. जायच्या आधी जेवायला आला तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाला, "मावशी, तिकडे आम्ही चौघं मिळून दर शनिवारी बोट घेणार आहोत. हा बोर्ड सेलमध्ये आहे, मागवून टाकू?" बघितलं तर ४ फूट ६ इंचांचा, पातळ, एका फिनचा. सोहम ८२ किलोचा. मी त्याला माळ्याखाली नेऊन उभं केलं आणि वर बघ म्हटलं.

हा खेळ नेमका कोणता

दुकानांत आणि ऑनलाइन यादीत वेकबोर्ड आणि वेकसर्फ बोर्ड शेजारी शेजारी असतात, त्यामुळे आधी एवढं स्पष्ट असू द्या. वेकबोर्डला पाय बुटांनी जखडलेले असतात, हातात दोरी शेवटपर्यंत असते आणि बोट ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून जोरात पळते. वेकसर्फमध्ये पाय मोकळे. उभं राहिलं, बोटीमागची लाट पायाखाली लागली की दोरी बोटीत टाकून द्यायची आणि नुसत्या लाटेच्या रेट्यावर जात राहायचं. बोटीचा वेग ताशी १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे घोडबंदर रोड थोडा मोकळा असताना रिक्षा जाते तेवढा.

बोर्ड निवडताना हा कमी वेगच लक्षात ठेवायचा. वेग जास्त असेल तर अरुंद फळीसुद्धा माणसाला पाण्यावर उचलून धरते. इथे वेग नाही, दोरीही नाही. तुम्हाला उचलून धरायचं काम बोर्डच्या पसरटपणाने आणि फुगीरपणाने करायचं आहे. बोर्ड कमी पडला की लाट मागून निसटते आणि तुम्ही आहात तिथेच हळूहळू बुडता. माझं दर वेळी हेच व्हायचं. धपकन पडणंसुद्धा नशिबात नव्हतं, नुसतं संथपणे खाली जायचं. बोटीवरचे लोक हात हलवत दूर जायचे.

पहिली पायरी: बोट

बोर्डच्या आधी बोट का, तर चुकीच्या बोर्डवर फक्त पैसे जातात. चुकीच्या बोटीमागे पाय जाऊ शकतो.

वेकसर्फ करणारा बोटीच्या मागच्या काठापासून दोन-तीन मीटरवर असतो. पडला की कधी कधी पुढच्या बाजूला, बोटीच्या दिशेनेच पडतो. म्हणून बोटीचा पंखा (प्रोपेलर) मागे उघडा असून चालत नाही. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे मागच्या काठावर अडकवलेलं, ज्याचा पंखा काठाच्या मागे पाण्यात फिरतो, त्याच्यामागे वेकसर्फ कधीच करायचं नाही. नेहमीच्या स्टर्नड्राइव्ह बोटीलाही, म्हणजे इंजिन आत पण पंखा मागच्या काठाबाहेर, हेच लागू. हवी ती इनबोर्ड बोट. हिचा पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या पायरीच्या बराच आत असतो. वेकसर्फच्या बहुतेक खास बोटी व्ही-ड्राइव्ह जातीच्या, म्हणजे इंजिन बोटीच्या आतच पण मागच्या टोकाला असलेल्या, इनबोर्ड असतात. व्होल्व्हो पेंटाने २०१५ मध्ये पंखा पुढच्या बाजूला तोंड करून बसवलेली फॉरवर्ड ड्राइव्ह आणली, तीही या कामासाठी चालते.

सोहमने इकडे नवी मुंबईतल्या एका जेट्टीवर आधीच बोलून ठेवलं होतं. "जायच्या आधी जरा सराव. त्यांची स्पीडबोट आहे, अर्ध्या तासाचे पैसे घेतील." मी विचारलं, इंजिन कुठे आहे? "मागेच, दिसतं ना बाहेरून." विषय तिथेच संपला. आपल्याकडे किनाऱ्यावर बनाना राइड ओढणाऱ्या बोटी साधारण याच जातीच्या असतात. बोटवाला कितीही ओळखीचा असो, कितीही हळू नेतो म्हणो, नाही म्हणजे नाही.

आणि ठाण्याच्या खाडीत तर बोट योग्य असली तरी मी उतरणार नाही. भरती-ओहोटीची ओढ, तळाला गाळ, कोळी बांधवांनी लावलेली जाळी, बोटींची ये-जा, पाण्याची अवस्था तर सांगायलाच नको. वर फ्लेमिंगो. खाडीचा ऐरोलीकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. मुद्दाम मोठी लाट उठवत तिथून फेऱ्या मारणं शोभणारं नाही. तलावपाळीला पायाने मारायच्या बोटी, मोरबे धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं. तेव्हा ठाणे-नवी मुंबईत बसून वेकसर्फ बोर्ड घेणाऱ्याने तो कुठल्या पाण्यावर, कोणाच्या बोटीमागे वापरणार हे आधी नाव-गावासकट ठरवावं. उत्तर नसेल तर खरेदी पुढे ढकला. माळे सगळ्यांकडे आहेत आणि सगळे भरलेलेच आहेत.

बोट ठरली की बोटवाल्याला फोनवर विचारायच्या गोष्टी: इंजिन इनबोर्ड आहे ना, बॅलास्ट किती आहे, लाट दोन्ही बाजूंना करता येते का, शिकणाऱ्यांसाठी बोर्ड बोटीवर आहेत का. बॅलास्ट म्हणजे बोट मुद्दाम जड करायला टाक्यांत किंवा पिशव्यांत भरलेलं पाणी. चांगल्या वेकसर्फ बोटीत ते हजार-दोन हजार किलोसुद्धा असतं. बोट जितकी खोल बसेल तितकी लाट उंच आणि तिचा रेटा जास्त. बॅलास्ट कमी असेल तर लाट अशक्त, आणि अशक्त लाटेला मोठा बोर्ड लागतो. म्हणून बोट माहीत नसताना बोर्डचं माप सांगणं म्हणजे पाऊल न बघता चप्पल आणणं.

इंजिन चालू असताना मागच्या पायरीवर बसू नका, तिला लटकूही नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. बोर्ड चढवताना-उतरवताना इंजिन बंद.

दुसरी पायरी: आपल्याकडे नसलेल्या बोर्डवर शिका

वेकसर्फच्या बोटीवर सहसा दोन-तीन बोर्ड असतातच. तीन-चार वेळा त्यांच्यावरच जा. मोबाइलमध्ये प्रत्येक बोर्डचा फोटो काढा, लांबी टिपून ठेवा, कोणत्यावर दोरी सोडून किती वेळ राहिलात तेही लिहा. एवढी टिपणं दुकानातल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाहून उपयोगी पडतात.

याच काळात कोणता पाय पुढे हे कळून येतं. घरीही बघता येतं: पायमोजे घालून लादीवर चार पावलं धावा आणि घसरा. जो पाय आपोआप पुढे जाईल तो पुढचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. रेग्युलरवाल्यांना बोटीच्या डाव्या बाजूची लाट सोपी जाते, गूफीवाल्यांना उजव्या बाजूची, कारण मग तोंड लाटेकडे राहतं. चौघांत एक बोट घेणार असाल तर हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दर माणसागणिक बॅलास्ट इकडून तिकडे करण्यात तासाचं भाडं जातं. सोहमने आमच्या हॉलमध्ये घसरून दाखवलं, गूफी निघाला आणि टीपॉयवर आदळला.

तिसरी पायरी: वजन, खरं वजन

आता काट्यावर उभे राहा. लग्नाआधीचं वजन, "साधारण सत्तरच्या आसपास" वगैरे नको.

सुरुवातीच्या, सर्फ जातीच्या बोर्डसाठी माझा ढोबळ अंदाज असा. ५५ किलोपर्यंत ४ फूट ६ इंच ते ४ फूट १० इंच. ५५ ते ७५ किलोला ४ फूट ८ इंच ते ५ फूट. ७५ ते ९० किलोला ५ फूट ते ५ फूट ४ इंच. त्यावर ५ फूट ४ इंच किंवा अधिक. हा नुसता अंदाज आहे. हायपरलाइट, रॉनिक्स, लिक्विड फोर्स, फेज फाइव अशा कंपन्या त्या त्या मॉडेलला वजनाचा तक्ता देतात आणि शेवटचा शब्द त्या तक्त्याचा. एकाच कंपनीच्या ५ फुटी दोन बोर्डांचे तक्ते वेगळे असू शकतात, कारण एक जाड असतो आणि एक पातळ. काही ठिकाणी घनफळ लिटरमध्ये दिलेलं असतं, तेही बघा. लांबी सारखी असेल तर जास्त लिटरचा बोर्ड नवशिक्याला जास्त सांभाळून घेतो.

वजन दोन मापांच्या सीमेवर आलं तर मोठं माप घ्या. लाट अशक्त असेल तरी मोठं घ्या. बोर्ड दोघा-तिघांत मिळून घेणार असाल तर सगळ्यात जड कोण, त्याच्या मापाचा घ्या. हलका माणूस मोठ्या बोर्डवर जाऊ शकतो, फार तर वळणं थोडी जड वाटतील. जड माणूस छोट्या बोर्डवर जाऊच शकत नाही. सोहमच्या चौघांत एक ९४ किलोचा निघाला. त्याने ग्रुपवर आधी ८५ सांगितलं होतं.

"पण मोठा घेतला आणि सहा महिन्यांत छोटा लागला तर?" सोहमचा प्रश्न रास्त होता. लागेलही. पण मोठा बोर्ड वाया जात नाही. पाहुणे येतात, बायको शिकते, लाट लहान असलेल्या दिवशी तोच बाहेर निघतो आणि विकायला काढला तर नवशिका गिऱ्हाईक लगेच मिळतं. माझा नारिंगी बोर्ड सहा वर्षांत कोणी मागितलेला नाही.

चौथी पायरी: सर्फ जात की स्किम जात

वेकसर्फ बोर्डांच्या दोन मुख्य जाती आहेत आणि त्या मिसळून केलेले काही. सर्फ जातीचा बोर्ड जाड, जास्त तरंगणारा, खाली दोन, तीन किंवा चार मोठे फिन. तो लाटेचा रेटा चांगला पकडतो. लाटेवरून मागे घसरायला लागलात तर पुढच्या पायावर भार टाकायचा, बोर्ड वेग घेतो आणि परत जागेवर आणतो. मागच्या पायावर भार म्हणजे ब्रेक. पहिले काही महिने आपण याच दोन पायांच्या मधे चुकत असतो, आणि सर्फ बोर्ड त्या चुका पोटात घालतो.

स्किम जातीचा बोर्ड पातळ, बहुधा आखूड, फिन छोटा. गोल फिरणं, बोर्ड पायाखाली फिरवणं, असल्या करामतींसाठी तो बनलेला. व्हिडिओत दिसतो तो बऱ्याचदा हाच, म्हणून नवशिक्यांना हाच हवासा वाटतो. त्याला वेग कमी, आणि फिन छोटा असल्यामुळे मागचा भाग कधी सटकेल ते सांगता येत नाही. ज्याचा तोल पायांत मुरलेला आहे त्याला यात मजा आहे. बाकीच्यांचं माझ्यासारखं होतं.

मिश्र जातीचा घ्यावा का? पूर्वी स्केटबोर्ड किंवा समुद्रातलं सर्फिंग केलेलं असेल तर विचार करा. नाहीतर सरळ सर्फ जातीचा घ्या. यात मी मधलं काही सांगणार नाही.

आकाराचं थोडक्यात. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने बघा: टोकापासून शेपटापर्यंत जो बाक असतो त्याला रॉकर म्हणतात. बाक कमी तर बोर्ड वेगवान, बाक जास्त तर वळायला सोपा पण रेटा कमी. पहिल्या बोर्डला बाक बेताचा बरा. शेपूट रुंद असेल, चौकोनी किंवा माशाच्या शेपटासारखं दुभंगलेलं, तर कमी रेट्याच्या लाटेवरही तरंगतं. निमुळतं शेपूट मोठ्या, जोरदार लाटेसाठी. टोक फार अणकुचीदार नको, पडताना ते नेमकं बरगडीपाशीच येतं.

पाचवी पायरी: फिन आणि वरचा भाग

तीन फिनांचा संच नवशिक्याला सर्वांत भरवशाचा. बोर्ड रेषेत राहतो, शेपूट सटकत नाही. जास्त फिन बसवायच्या खाचा असतील तर पुढे चार लावून बघता येतं, कमी करूनही बघता येतं, त्यामुळे अशा खाचांचा बोर्ड मिळाला तर घ्या. एफसीएस आणि फ्युचर्स या दोन पद्धती सगळीकडे चालतात, त्यांचे सुटे फिन मिळायला अडचण येत नाही. एखाद्या कंपनीची स्वतःचीच वेगळी खाच असेल तर एक फिन हरवला की बोर्ड बसला.

बहुतेक फिन एका छोट्या किल्लीने, म्हणजे षटकोनी पान्यानेच, आवळतात. ही किल्ली हरवते. प्रत्येकाची हरवते. घेतल्या दिवशीच दोन घ्या, एक बोर्डच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात दोऱ्याने बांधून टाका.

पाय घसरू नये म्हणून वर दोन उपाय असतात, मेण किंवा ईव्हीए फोमचं पॅड. पहिल्या बोर्डला पॅडवालाच घ्या, तोही पुढच्या आणि मागच्या दोन्ही पायांखाली पॅड असलेला. मेण दर वेळी लावावं लागतं, उन्हात वितळतं, आणि बोटीच्या पांढऱ्या गाद्यांना लागलं की बोटमालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पॅडच्या मागच्या टोकाला थोडा उंचवटा असतो, अंधारात जिन्याची शेवटची पायरी पायाला कळावी तसा तो मागच्या पायाला लागतो. तो आहे ना, हे हात फिरवून बघा.

पॅडचा उपयोग उठण्याच्या क्षणालाही होतो. पाण्यात उताणं पडून, गुडघे छातीशी, दोन्ही टाचा बोर्डच्या कडेवर, हातात दोरी. बोट हळू ओढायला लागली की टाचा दाबायच्या, बोर्ड उभा होऊन तळव्यांना चिकटतो, आणि पाण्याच्या दाबानेच माणूस वर येतो. हाताने स्वतःला ओढायला गेलात की पुढे तोंडावर पडता. रुंद बोर्ड इथे फार मदत करतो, टाचांना पकडायला जागा मिळते.

सहावी पायरी: बोर्ड कशाचा बनला आहे

साच्यात दाबून बनवलेले बोर्ड जड, पण दणकट. बोटीच्या कडेला आपटले, गाडीत फेकले तरी तगतात, स्वस्तही असतात. आत ईपीएस म्हणजे थर्माकोलच्या नात्यातला फोम आणि वरून काच-तंतू, इपॉक्सी किंवा कार्बन असे बोर्ड हलके, चपळ, महाग. त्यांना तडा गेला की फोम पाणी पितो. तडा दिसताच वापरणं थांबवून, आतून पूर्ण वाळवून मगच बुजवायचा. ओला बुजवला तर पाणी आतच राहतं आणि बोर्ड कायमचा जड होतो.

शिकताना बोर्ड आपटतोच. म्हणून पहिला दणकट घ्या, वजन किलोभर जास्त असलं तरी. अमेरिकेत सुरुवातीचे नवे बोर्ड साधारण ३०० ते ५०० डॉलरच्या घरात सुरू होतात, वरचे हजार ओलांडतात. त्या वरच्या किमतीत जे मिळतं ते दुसऱ्या वर्षाच्या आधी तुमच्या पायांना कळणारही नाही.

उष्णता हा दुसरा शत्रू. बंद गाडीत, गच्चीवर, पत्र्याखाली ठेवला की वरचा थर सुटून फुगे येतात. आपला मे महिना आणि दुबईचा कोणताही महिना, दोन्हींत हे ध्यानात ठेवा.

सातवी पायरी: जुना घ्यायचा असेल तर

खरं तर पहिला बोर्ड जुनाच बरा. गल्फमध्ये आणि अमेरिकेत बदली होऊन निघालेली माणसं चांगले बोर्ड पडत्या भावात विकतात. फक्त दिवसाउजेडी बघायला जा आणि घाई करू नका.

अंगठ्याने सगळा वरचा भाग दाबत जा. टाचांच्या जागी किंचित खळगे असतील तर हरकत नाही, पण दाबल्यावर मऊ लागलं किंवा करकरलं तर थर सुटलाय. कडांवरून नख फिरवा, केसाएवढी चीरही नखाला अडते. फिनांच्या खाचांभोवती बारीक भेगा, पिवळट डाग आहेत का बघा. पाणी बहुधा तिथूनच आत जातं. पॅडचे कोपरे उचलून बघा. मालक म्हणाला "पॅड नवीन लावलंय", तर विचारा जुन्याखाली काय होतं.

मग बोर्डचं वजन करा. विमानाची बॅग टांगून मोजायचा छोटा काटा घरोघरी असतो, तो बरोबर न्या. कंपनीने त्या मॉडेलचं वजन दिलेलं असेल तर ताडून बघा. काही शे ग्रॅमचा फरक फिन आणि पॅडमुळे पडू शकतो म्हणून फिन काढून मोजा. त्यानंतरही बोर्ड बराच जड भरला तर आत पाणी आहे. दिसायला बोर्ड नवा कोरा असला तरी.

बाकीचं सामान

बोर्डवर सगळे पैसे संपवू नका. अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट आधी घ्या. पाण्यात खांद्यांना धरून कोणी वर ओढलं तर ते हनुवटीपर्यंत येता कामा नये. इम्पॅक्ट व्हेस्ट नावाने पातळ, देखणी जॅकेटं मिळतात. त्यातली बरीचशी मार लागू नये म्हणून असतात, तरंगवण्यासाठी नाहीत. पोहता येत असलं तरी तरंगवणारंच घ्या. दोरी वेकसर्फची वेगळी, जाड आणि साधारण २० फुटांची, ती बोटीवर असते. कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही. समुद्रातल्या सर्फिंगसारखा पायाला बांधायचा पट्टा इथे नको, ताणला की बोर्ड तुमच्याच अंगावर परत येतो.

सोहमने शेवटचा मासलेवाईक प्रश्न टाकला: "मग हाच बोर्ड गुहागरला समुद्रात चालेल?" नाही चालणार. समुद्रात हातांनी पाणी मारत लाट पकडायची असते, नवशिक्याला ८ फुटांच्या आसपासचा, वेकसर्फ बोर्डच्या दुप्पट-तिप्पट घनफळाचा बोर्ड लागतो. एका दगडात दोन पक्षी मारायला जाल तर दगडच बुडेल.

आणायचा कसा, ठेवायचा कुठे

विमानात बऱ्याच कंपन्यांची नेहमीच्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. ५ फुटी बोर्ड एकट्या लांबीतच १५२ भरतो. तेव्हा तो खेळाचं सामान म्हणून आधी फोन करून नोंदवावा लागतो, दर कंपनीचा वेगळा. फिन काढून, टोक आणि शेपटाला फोम किंवा जुनी गोधडी गुंडाळून, जाड पिशवीत. मी माझा दोन कॉटनच्या साड्यांत गुंडाळून आणला आणि त्याला ओरखडाही आला नाही. मुंबईला उतरल्यावर लोकलने नेणार असाल तर लगेजच्या डब्यातून आणि गर्दीची वेळ टाळून; टॅक्सीत पुढची सीट आडवी केली की बसतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिरका उभा करावा लागतो. शेजारचे काका विचारतील की इस्त्रीचं टेबल कितीला घेतलं.

वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, मग पिशवीत. घरात बाथरूमशेजारची भिंत टाळा. पावसाळ्यात ठाण्यात चपलांनाही बुरशी येते, तर ओल्या पिशवीतल्या पॅडला येणारच. पलंगाखाली, आडवा, वर काही न ठेवता, ही त्याची सगळ्यात चांगली जागा.

सोहम बोर्ड न घेताच गेला. तीन शनिवार बोटीवरचे बोर्ड वापरले. नोव्हेंबरात त्याचा फोन आला: परत जाणाऱ्या एका माणसाकडे ५ फूट ४ इंचांचा सर्फ बोर्ड, एकही डाग नाही, निम्म्या किमतीत. बॅगेचा काटा लावला तर कंपनीच्या आकड्यापेक्षा ९०० ग्रॅम जास्त भरला, तेही फिन काढून. नको म्हणून निघून आला. दोन आठवड्यांनी दुसरा मिळाला, त्याच मापाचा, कडेला ओरखडे असलेला, पण वजनाला चोख. ९४ किलोवालाही त्यावर दोरी सोडून जातो म्हणे.

आता त्याला माझा नारिंगी हवा आहे. त्यांच्यातल्या एकाची बायको ४८ किलोची आहे, लहानपणापासून स्केटबोर्ड करते, तिला स्किम जातीचाच पाहिजे. जानेवारीत कोणीतरी तिकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवायचा. परवा माळ्यावरून उतरवला, पुसला, साड्याही काढून ठेवल्या. फिन मात्र अजून निघालेला नाही. किल्ली सापडत नाहीये.